मोठं हॉस्पिटल होईल तेव्हा होऊ दे, आधी गल्लीतला दवाखाना संध्याकाळी उघडा ठेवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, पण बरेच दिवस मनात साठलंय म्हणून लिहितोय, जमलं तर पूर्ण छापा. मी गेली सतरा वर्षं कोल्हापुरात एका मेडिकल दुकानात काउंटरला कामाला आहे. दुकान एका सरकारी दवाखान्याच्या जवळ आहे. कुठल्या ते लिहीत नाही, कारण मला कुणा एका दवाखान्याला नाहीतर डॉक्टरला धरायचं नाही, जे सांगायचंय ते सगळ्या शहराचं आहे आणि शहराला चिकटलेल्या गावांचंही आहे.

आमच्याकडं दिवसभरात ज्या चिठ्ठ्या येतात त्यातल्या बऱ्याच सरकारी केसपेपरबरोबर येतात, वर लिहिलेलं असतं "बाहेरून आणणे". औषध तसं काही फार मोठं नसतं, सलाईनचा सेट, एखादं अँटिबायोटिक इंजेक्शन, बीपीच्या गोळ्या, ड्रेसिंगचं सामान. माझा पगार याच चिठ्ठ्यांवर निघतो हे मला कळतंय, तरी लिहितोय, कारण काउंटरच्या अलीकडनं जे दिसतं ते फाईलवर सही करणाऱ्याला दिसत नसणार. माणूस आधी किती होतील विचारतो, मग खिशातले पैसे काढून मोजतो, परत मोजतो आणि म्हणतो, दादा आत्ता निम्मंच द्या, राहिलेलं उद्या नेतो. दहा गोळ्यांच्या स्ट्रिपमधल्या पाच गोळ्या कात्रीनं कापून देताना माझा हात जड होतो, कारण हा उद्या येणार नाही हे मला ठाऊक असतं आणि त्यालाही ठाऊक असतं.

राधानगरीकडची एक मावशी इन्सुलिन न्यायला यायची. चाळीस युनिटवाली दहा एमएलची बाटली. घरात फ्रिज नाही म्हणून बाटली वाळूत ठेवलेल्या मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, हे तिनंच मला सांगितलं, आणि बरोबरच होतं, ज्याच्याकडं फ्रिज नाही त्याला डॉक्टर तसंच सांगतात. मी बर्फाची पिशवी बांधून द्यायचो, एसटीत बसल्यावर बाटली बर्फाला चिकटू द्यायची नाही, मधी पेपर घाला असं दर वेळी सांगायचो, गोठली तर वाया. मावशी पहाटेची गाडी धरून यायची, दवाखान्यात नंबर लावायची, आतली बाटली मिळाली तर परत जायची, नाही मिळाली तर आमच्याकडं. एका बाटलीसाठी अख्खा दिवस आणि अख्खी मजुरी. तिच्या गावाजवळ कुठंतरी ती बाटली मिळायला नको का? ती बाटली काय ऑपरेशन आहे का की त्यासाठी कोल्हापूर गाठावं? मला या पत्रात एवढंच म्हणायचंय, बाकी सगळं त्याच्या भोवतीचं आहे.

आता शहराचं बघा. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ ला आलं, त्यात हिशोब असा की शहरात दर पन्नास हजार लोकांमागं एक नागरी आरोग्य केंद्र पाहिजे. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर ५ लाख ४९ हजारांचं, म्हणजे अकरा केंद्रं धरा. पण ही माणसं फक्त हद्दीतली मोजली. महापालिका १९७२ ला झाली, तेव्हापासनं शहराची हद्द वाढलेली नाही, शहर मात्र वाढत गेलं आणि पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, शिंगणापूर या गावांत जाऊन राहिलं. मी त्याच पट्ट्यातला. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं शहरात कामाला जातात, पोरं शहरातल्या शाळेत, बाजार शहरात, पण दवाखान्याच्या बाबतीत आम्ही ग्रामपंचायत. हद्दीच्या अलीकडं महापालिकेचा दवाखाना, पलीकडं जिल्हा परिषदेचं प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि प्राथमिक केंद्राचं माप ठरलं ते तीस हजार लोकांच्या खेड्यासाठी, अपार्टमेंट उभी राहिलेल्या गावासाठी नव्हे. २०१७ ला बेचाळीस गावांचं प्राधिकरण केलं, त्यातनं बांधकामाच्या परवानग्यांचं बघितलं गेलं, पण गावात किती माणूस वाढलं आणि त्याला डॉक्टर किती लागतील हे कुठल्या नकाशात बसवलं का, ते मला तरी दिसलेलं नाही. हद्दवाढ व्हावी का नको हा वाद मला इथं घालायचा नाही, दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत. पण ताप काय हद्द बघून येत नाही.

दवाखाने नाहीत असंही नाही. मालक जास्त आहेत, आणि सामान्य माणसाला ते कळत नाही. सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ते राजर्षी शाहू महाराज मेडिकल कॉलेजला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याचं. कसबा बावड्याला लाईन बाजारातलं सेवा रुग्णालय आरोग्य खात्याचं. सावित्रीबाई फुले, पंचगंगा, आयसोलेशन ही महापालिकेची. गावातलं केंद्र जिल्हा परिषदेचं. कारखान्यातला कामगार असला आणि पगार एकवीस हजारांच्या आत असला तर त्याला ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा. (आमच्या दुकानात चारच माणसं, त्यामुळं आम्हाला ते लागू होत नाही.) आता १५ ऑगस्ट २०२३ पासनं राज्यात उपचार मोफत झाले अशी बातमी आली, तेव्हा कितीतरी लोक केसपेपरचे पैसे का घेता म्हणून खिडकीवर भांडले, पण ते मोफत आरोग्य खात्याच्या दवाखान्यांपुरतं होतं, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यांना नव्हतं. भांडणाऱ्याची चूक नाही आणि खिडकीवरच्या ताईचीही नाही. दोन्ही सरकारीच, दोन्हीच्या पाटीवर महाराष्ट्र शासनच लिहिलेलं, मग एकीकडं फुकट आणि एकीकडं पैसे हे चंदगडवरनं सव्वाशे किलोमीटर आलेल्या म्हाताऱ्याला कोण समजावून सांगणार? आम्हीच सांगतो, मेडिकलवाले, रिक्षावाले, चहाच्या गाड्यावाले.

आता आमच्या घरातलं सांगतो, कारण नुसतं दुसऱ्याचं सांगितलं की लोकांना वाटतं याला काय झालंय.

आबा, म्हणजे माझे वडील, शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत होते. तिथनं सुटल्यावर वॉचमन म्हणून लागले. बीपी होतं. दवाखाना सकाळचा, त्यांची ड्युटी सकाळची, दुपारनंतर जावं तर ओपीडी बंद, सुट्टी रविवारी तर रविवारी दवाखान्यालाही सुट्टी. शेवटी मी दुकानातनं तीच जुनी गोळी आणत राहिलो. दोन वर्षं तीच गोळी, तोच डोस. मधल्या काळात बीपी किती आहे हे कुणी धड मोजलं नाही, मीही मोजलं नाही. मी दिवसभर लोकांना सांगतो की मामा गोळी चालू असली तरी महिन्याला बीपी तपासा, आणि घरात नाही केलं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण खरं आहे ते लिहिलं पाहिजे.

एक दिवस सकाळी सात-सव्वासातला आबा अंगणात आरसा टांगून दाढी करत होते. एका गालाची झाली, ब्लेड खाली ठेवलं आणि परत उचलायला गेले तर हात उठेना. आईनं हाक मारली तर तोंडातनं शब्द नीट येईनात, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला कळलं हे काय आहे, दुकानात इतकी वर्षं काढल्यावर कळतंच. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते लक्षण सुरू झाल्यापासनं साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून आत रक्तस्राव नाही ना हे बघावंच लागतं, कारण रक्तस्राव असताना ते इंजेक्शन दिलं तर माणूस हाताचा जातो. म्हणजे सव्वासात धरले तर पावणेबारापर्यंत वेळ होती. मी घड्याळ बघितलं होतं.

१०८ ला फोन केला, गाडी आली, त्यातल्या डॉक्टरनं ऑक्सिजन बघितला, बीपी बघितलं, दोनशेच्या वर होतं. पहिल्यांदा गेलो तिथं सीटी नव्हतं. तिथनं दुसरीकडं गेलो, तिथं होतं पण मशीन दुरुस्तीला, बाहेरनं करून आणा. परत स्ट्रेचर, परत गाडी, बाहेरच्या सेंटरला आमच्या आधी तीन पेशंट. रिपोर्ट हातात घेऊन परत आलो तेव्हा सव्वाबारा झालेले. तिथल्या ड्युटीवरच्या पोरीनं, पोरगीच म्हणतो कारण माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची डॉक्टर होती, रिपोर्ट धरून उजेडाकडं बघितला, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "दादा, आता नाही देता येणार." तिचे डोळे तांबारलेले होते, आदल्या दिवशी सकाळपासनं ती तिथंच होती असं सिस्टर म्हणाल्या. माझा तिच्यावर राग नाही, तेव्हाही नव्हता. तिनं नंतर आबांची फार काळजी घेतली. आबा सहा दिवस त्या वॉर्डात होते, अर्ध्या दाढीनं. चौथ्या दिवशी शेजारच्या कॉटवरच्या पेशंटच्या भावानं वस्तरा आणला आणि राहिलेला गाल करून दिला. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही, राहून गेलं.

आबा आता काठी घेऊन चालतात. डावा हात चालत नाही.

यात कुणाची चूक हे मी रात्र रात्र विचार करून बघितलंय. १०८ वाल्यांनी केलं ते बरोबर, सिस्टरनी केलं ते बरोबर, डॉक्टरचं बरोबर. पण सकाळी साडेसातला आत्ता या घडीला कुठल्या सरकारी दवाखान्यात सीटी चालू आहे हे एका फोनवर सांगणारं कुणी नव्हतं. मशीन बंद असणं मी समजू शकतो, मशीन आहे, बंद पडणारच. पण बंद आहे हे गाडीतल्या डॉक्टरला माहीत नसावं? एका शहरातल्या चार सरकारी दवाखान्यांना एकमेकांचं माहीत नसावं? आणि त्याच्याही आधीचं म्हणजे, दोन वर्षांत कुणीतरी एकदा संध्याकाळी सहा वाजता आबांच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं असतं आणि गोळी बदलली असती, तर त्या दिवशी कदाचित गाडी बोलवायलाच लागली नसती. बीपीची गोळी ही सगळ्यात स्वस्त गोळ्यांमधली. जनऔषधी केंद्रात तर आणखी स्वस्त. ती वेळेवर न मिळाल्यामुळं पुढं जो खर्च येतो तो सरकारलाच येतो, नाहीतर त्या घराला.

शेंडा पार्कात ११०० खाटांचं हॉस्पिटल होणार आहे, त्याचं मला कौतुकच आहे. कॅन्सरचा माणूस इथनं मुंबईला जातो, तिथं फुटपाथवर झोपतो, ते थांबलं तर ज्यानं केलं त्याचे उपकार मानू. सीपीआरवर करवीर ते चंदगड बारा तालुके आहेत, २०११ ला जिल्हाच ३८ लाख ७६ हजारांचा होता, वर कोकणातनं सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडची माणसं, सीमाभागातनं बेळगाव-निपाणीकडची माणसं. त्या जुन्या इमारतीनं कोविडमध्ये जे सोसलं ते आम्ही डोळ्यांनी बघितलंय. तिथल्या माणसांना मी नमस्कार करतो. पण मोठं हॉस्पिटल झालं की गर्दी कमी होईल हे मला पटत नाही. खोकल्याचा, खरजेचा, बीपीचा, जुलाबाचा पेशंट जोपर्यंत तिथंच येतोय तोपर्यंत ११०० खाटांच्या बाहेरही तीच रांग लागणार आणि ज्याला खरोखर मोठ्या डॉक्टरची गरज आहे तो त्या रांगेत मागं उभा असणार.

माणूस तिथं का जातो? कारण जवळचं केंद्र त्याच्या वेळेला बंद असतं. धुण्याभांड्याची कामं करणारी बाई, सेंट्रिंगवाला, हमाल, शोरूममधली पोरं, सराफकट्ट्यावरचा कारागीर, यातलं कोण सकाळी नऊ ते एक मोकळं असतं? खाडा केला तर पैसे कापतात. म्हणून ती माणसं आजार अंगावर काढतात, संध्याकाळी आमच्याकडं येतात आणि म्हणतात, "अंगदुखीवर काहीतरी द्या." आम्ही काय देणार? पॅरासिटामॉल देतो आणि डॉक्टरला दाखवा म्हणतो. डॉक्टर म्हणजे प्रायव्हेट, तपासणीची फी, मग रक्त-लघवी, मग चिठ्ठी.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. १ मे २०२३ ला राज्यभर तालुक्या-तालुक्यात आपला दवाखाना सुरू केला त्याची वेळच मुळी दुपारी दोन ते रात्री दहा ठरवली होती. ज्यानं ती वेळ ठरवली त्यानं कामावर जाणाऱ्या माणसाचा विचार केला होता, हे मान्य केलं पाहिजे. तीच वेळ शहरातल्या प्रत्येक नागरी केंद्राला आणि शहराला लागून असलेल्या गावांतल्या केंद्रांना का नको? निदान आठवड्यातनं तीन दिवस, निदान संध्याकाळी पाच ते नऊ. माणसं लागतील, कबूल आहे. भरती करा, कंत्राटी असतील तर पगार वेळेवर द्या. इतक्या नर्सिंग झालेल्या पोरी घरी बसून आहेत, आमच्याच गल्लीत दोघी आहेत.

योजनांबद्दलही एक सांगायचं राहतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आधी दीड लाखाचं कव्हर होतं, ते पाच लाख झालं आणि आता सगळ्या रेशनकार्डांना लागू झालं, चांगली गोष्ट आहे, त्यावर कित्येक जणांच्या अँजिओप्लास्टी झालेल्या मी बघितल्यात. पण लोकांना वाटतं कार्ड आहे म्हणजे सगळं फुकट. ती योजना यादीतल्या उपचारांना, भरती झाल्यावर, आणि योजनेत असलेल्या दवाखान्यात. महिन्याच्या गोळ्यांना नाही. आणि भरती करताना रेशनकार्ड, आधार लागतं, ते पेशंट आणत नाहीत, मग एक भाऊ वॉर्डात आणि एक भाऊ परत गावाकडं कार्ड आणायला. तुमच्या वाचकांना हात जोडून सांगतो, रेशनकार्ड आणि आधारचा फोटो प्रत्येकानं मोबाईलमध्ये काढून ठेवा, झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दाराच्या मागं अडकवून ठेवा, आणि कार्डावर नावं बरोबर आहेत का ते आजच बघा, पेशंट आत असताना नाव दुरुस्त होत नसतं. दुसरं, ट्रस्टच्या म्हणजे धर्मादाय दवाखान्यांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवायचा नियम आहे, एक लाख ऐंशी हजारांच्या आत वर्षाचं उत्पन्न असलं तर मोफत आणि तीन लाख साठ हजारांच्या आत असलं तर निम्मं. ट्रस्टचे दवाखाने आहेत, पण हे माहीत असलेला माणूस मला आठवड्यातनं एखादाच भेटतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवला तर उपयोग होतो.

कुत्र्याचं लिहिलं नाही तर पत्र अपुरं राहील. मागच्या पावसाळ्यात एक गडी नऊ-दहा वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन दुकानात आला, पोटरीला चावलेलं, वर हळद आणि चुना थापलेला. म्हणाला इंजेक्शन द्या. मी त्याला दुकानाच्या मागच्या नळावर नेलं, चुना धुऊन काढला आणि साबण लावून नळाखाली पाय धरायला लावला, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. पोरगं रडत होतं, बाप म्हणत होता अहो पुरे, मी पुरे म्हटलं नाही. रेबीजमध्ये ते धुणं हाच अर्धा उपचार आहे, आणि हळद, चुना, मिरची, तेल काहीही लावायचं नाही. मग त्याला सांगितलं की दातानं मांस फाटलंय, रक्त आलंय, म्हणजे नुसती लस पुरत नाही, जखमेत सीरमही घालावं लागतं, ते डॉक्टरच घालणार, वजनाप्रमाणं. तो विचारायला लागला कुठल्या दवाखान्यात मिळेल. सतरा वर्षं या धंद्यात असून मला खात्रीनं सांगता आलं नाही. चार ठिकाणी फोन लावले, एका ठिकाणी लस आहे सीरम नाही, एका ठिकाणी फोनच उचलला नाही, तिसऱ्या ठिकाणी आहे म्हणाले आणि तिकडं पाठवलं. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती लस त्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तो गडी सगळ्या तारखांना गेला, मी दुकानातल्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या आणि फोन करत होतो. पण ज्याला फोन करणारं कुणी नाही त्याची अठ्ठाविसावी तारीख चुकते, बरं वाटतंय आता कशाला म्हणून. ही लस आणि सीरम आज कुठं शिल्लक आहे हे गल्लीतल्या दवाखान्याच्या दारावर खडूनं लिहायला काय खर्च येतो?

हाच खडूचा फळा मला पुरातही आठवतो. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर त्रेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेलेली, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, पुण्याकडनं माल येईना. आमच्याकडं इन्सुलिन संपत आलं, लहान पोरांच्या दुधाच्या पावडरी संपल्या. कुठल्या सरकारी दवाखान्यात किती साठा आहे हे आम्हाला माहीत असतं तर लोकांना पाण्यातनं तीन-तीन दुकानं फिरायला लागली नसती. आता औषध खरेदीसाठी हाफकिनच्या जागी २०२३ ला राज्यानं वेगळं प्राधिकरण केलंय, त्यातनं औषधं वेळेवर येतात का ते येत्या काळात दिसेलच, पण कोल्हापूरला तरी मे महिन्यातच जूनपासनं सप्टेंबरपर्यंतचा साठा पोचला पाहिजे, आपल्याकडं रस्ता बंद होणार हे धरूनच चालावं लागतं.

एकोणीसशे एकोणीस साली शाहू महाराजांनी हुकूम काढला होता, संस्थानच्या दवाखान्यात अस्पृश्य म्हणून कुणाला वेगळं वागवायचं नाही, सगळ्यांना सारख्या मायेनं बघायचं. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यासमोरनं मी रोज सायकलवरनं जातो, तिथनं सीपीआर हाकेच्या अंतरावर. आज जात विचारत नाहीत, पण ज्याला सकाळची सुट्टी मिळत नाही आणि ज्याच्या गावाला दुपारनंतर एसटी नाही त्याला दवाखान्याचं दार बंदच आहे. मुंबई हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी या शहरानं किती वर्षं आंदोलनं केली, मोर्चे काढले, आणि ऑगस्ट २०२५ ला ते सीपीआरच्या समोरच सुरू झालं. वकिलांनी, पक्षांनी, तालमींनी, सगळ्यांनी लावून धरलं म्हणून झालं. आरोग्य केंद्राच्या वेळेसाठी कधी एकही मोर्चा निघालेला मला आठवत नाही, आणि त्यात मीही आलो.

महापालिकेच्या आयुक्तांना, जिल्हा परिषदेच्या सीईओंना आणि जिल्हाधिकारी साहेबांना विनंती आहे की तिघांनी एकदा एकत्र बसावं. शहराची केंद्रं आणि लगतच्या गावांची केंद्रं एकाच नकाशावर मांडावीत, हद्द बाजूला ठेवून. संध्याकाळची ओपीडी कुठं कुठं सुरू करता येईल ते ठरवावं आणि तिथं बीपी-शुगरच्या महिन्याभराच्या गोळ्या एकदम द्याव्यात, आठ दिवसांच्या देऊन परत फेरी मारायला लावू नये. सीटी, व्हेंटिलेटर, सर्पदंशाचं औषध, रेबीजचं सीरम यांचा त्या त्या दिवसाचा साठा एका फोन नंबरवर चोवीस तास कळावा, तोच नंबर १०८ च्या गाडीत असावा.

आणि संपादकसाहेब, एक काम तुम्हाला सांगतो. पंचांगाच्या शेजारी रोज चार ओळींची चौकट द्या. आज कुठल्या सरकारी दवाखान्यात सीटी चालू आहे, रेबीजची लस-सीरम कुठं आहे, कुठलं केंद्र संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं आहे, आणि फोन नंबर. तुमचा वार्ताहर रोज सकाळी चार फोन करेल तर होण्यासारखं आहे. आमच्या दुकानात तुमचा पेपर येतो, ती चौकट मी रोज कात्रीनं कापून काचेवर लावीन, आणि शेजारच्या तीन मेडिकलवाल्यांना विचारलंय, तेही लावतो म्हणालेत.

आपला रोजचा वाचक,
एक मेडिकल कामगार,
ता. करवीर, जि. कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती)